डाग वेगळा, रंग वेगळा

या पुस्तिकेत गोरं होण्याचा एकही उपाय नाही. पहिल्याच ओळीत हे सांगून टाकलेलं बरं, म्हणजे तेवढ्यासाठी ती हातात घेतलेल्या वाचकाचा वेळ जायचा नाही. इथे आहेत ते डागांवरचे उपाय. मुरूम फोडल्यावर मागे उरलेले ठिपके, पिसवा चावून खाजवलेल्या पोटऱ्या, तव्याचा चटका, गरोदरपणात दोन्ही गालांवर उठलेलं आणि पुढे न गेलेलं वांग, चिखल्यांनी काळवंडलेल्या बोटांच्या बेचक्या. मुळशी तालुक्यातल्या बायका अशा डागांवर घरात काय लावत आल्या आणि आता मोबाइलवर बघून काय लावायला लागल्या आहेत, ते एकत्र केलं आहे. ताम्हिणीच्या अंगाच्या वाड्या, कोळवणचं खोरं, पौड, पिरंगुट, पार हिंजवडी. सांगणाऱ्यांत सावळ्या बहुसंख्य, काही चांगल्या काळ्या, आणि ‘मी मूळची गोरीच हो, उन्हानं रापले’ असं आवर्जून सांगणाऱ्याही बऱ्याच.

प्रस्तावना लांबली आहे, त्याला कारण आहे. घरगुती उपायांच्या आपल्याकडच्या पुस्तकांत डाग आणि रंग यांची सरमिसळ असते. ‘डाग जातात व कांती उजळते’ हे एका दमात लिहिलेलं असतं. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच, की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि सावळ्या कातडीवर तर त्या एकमेकींच्या आड येतात. रंग उतरावा म्हणून जे जे चोळलं जातं, त्यातलं पुष्कळसं नवे डाग पाडतं. म्हणून काळ्यासावळ्या बाईने आधी ठरवायचं की आपल्याला काय हवं आहे. डाग कमी करणं बऱ्याच वेळा जमतं, आणि ते घरच्या घरीही जमतं. रंगाच्या मागे लागलेल्यांचं काय होतं, ते पुढे येईलच.

डाग पडतात कुठून, हे आधी पाहू. मुळशीचं वर्ष भाताभोवती फिरतं. उन्हाळ्यात राब भाजायचा: रोपाच्या जागेवर शेण, डहाळ्या, गवत, पालापाचोळा यांचे थर द्यायचे आणि पेटवायचे. डोक्यावरून भारे आणण्यात बायका असतातच. वरून वैशाखाचं ऊन, समोरून जाळाची धग. पाऊस लागला की लावणी. पूर्वीचं इरलं काय किंवा आताचा प्लास्टिकचा कागद काय, डोकं आणि पाठ झाकतो. तोंड खाली खाचरातल्या पाण्याकडे, आणि पाण्यावर पडलेला उजेड उलटून तोंडावर येतो. आभाळ भरलंय म्हणजे ऊन नाही, हा समज तालुकाभर पक्का आहे. प्रत्यक्षात अतिनील किरणांचा बराच भाग ढगांतून खाली उतरतो. पाय दिवसभर चिखलात, त्यामुळे चिखल्या. त्यांवर मेंदी थापून रात्री पाय बांधून निजायचं. कापणी-झोडणीला भाताची कुसं अंगभर खाज आणतात आणि खाजवलेलं प्रत्येक ठिकाण महिन्याभराने काळं दिसतं. संध्याकाळी पुन्हा चूल आहेच. वांग नुसत्या धगीनेही गडद होतं, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात, आणि भाकऱ्या थापणाऱ्या बाईला ते वेगळं सांगायला नको.

पिरंगुटच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या कंपन्यांत जाणाऱ्या मुलींचे डाग निराळे. त्यांना चिखल्या नाहीत. त्यांना मुरूम आहेत, दोरा फिरवून भुवया कोरल्यावर उठलेल्या पुळ्या आहेत, ब्लीच भाजल्याच्या खुणा आहेत. आईच्या पोटरीवरचा डाग कामाने दिलेला आणि मुलीच्या हनुवटीवरचा बऱ्याचदा उपायाने दिलेला, हा फरक मला ऐकता ऐकता जाणवत गेला.

सुश्रुतसंहितेत वांगाला व्यंग म्हटलं आहे, त्याची गणना क्षुद्ररोगांत केली आहे आणि कारणं सांगितली आहेत राग आणि श्रम. श्रमांबद्दल मुळशीत दुमत होणार नाही. रागाबद्दल मी कोणाला विचारायला गेले नाही.

आता कातडीच्या आत काय चालतं ते. वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या बाईत आणि काळ्या बाईत त्यांची संख्या साधारण सारखीच. त्या किती रंगद्रव्य तयार करतात, त्याचे कण केवढे आणि ते कसे पसरतात, यात फरक. सावळ्या कातडीतल्या या पेशी कामाला चटकन उठतात. ऊन लागलं की उठतात, तसंच चटका बसला, ओरखडा उठला, पुळी सुजली, खाज आली तरी उठतात. जखम भरून निघते, पण तेवढ्या वेळात त्या जागी ओतलेला जादा रंग मागे राहतो. गोऱ्या गालावरचा मुरमाचा लाल वण थोड्या दिवसांत मावळतो; सावळ्या गालावर त्याच जागी तपकिरी ठिपका महिनोन् महिने बसतो. हा रंग वरच्या थरात असेल तर थर झडून नवा येतो तसतसा फिकट होत जातो. थर नवा व्हायला चार-सहा आठवडे लागतात, वयाबरोबर जास्तच. म्हणून ‘सात दिवसांत डाग गायब’ म्हणणारा उपाय, मग तो आजीचा असो की जाहिरातीतला, न वाचता बाजूला ठेवावा. दाह जोराचा असला तर रंग खालच्या थरात झिरपतो. तिथला डाग राखाडी, निळसर झाक असलेला दिसतो आणि तिथवर स्वयंपाकघरातला कुठलाच लेप पोचत नाही. आरशात तपकिरी डाग कोणता आणि राखाडी कोणता एवढं ओळखता आलं, तरी बराच खर्च वाचेल.

यातून जो नियम निघतो तो रूढ समजुतीच्या अगदी उलटा आहे. ‘चुरचुरतंय ना ताई, म्हणजे लागू पडतंय’ हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं, की या पुस्तिकेचं नाव त्यावरून ठेवावं असं एकदा वाटलं होतं. सावळ्या कातडीवर चुरचुरणं म्हणजे दाह, आणि दाह म्हणजे पुढच्या डागाची तयारी.

लिंबाचं उदाहरण सगळ्यांत मोठं. चिरलेला बटाटा उघडा ठेवला की काळा पडतो आणि लिंबू पिळलं की पडत नाही, हे प्रत्येकीने पाहिलेलं असतं. बटाटा काळा पाडणारं विकर आणि आपल्या कातडीत रंग तयार करणारं विकर ही एकाच कुळातली, दोघांनाही तांबं लागतं. तेव्हा लिंबाचा विचार अगदीच वेडेपणाचा नव्हता. पण बटाटा मेलेला आहे आणि गाल जिवंत. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास, कातडीचा पाचच्या आसपास. एवढ्या आंबट रसाने वरचा थर दुखावतो. त्यात लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की ती अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते, फोड येतात आणि मागे ओघळाच्या आकाराचे काळे पट्टे उरतात. उन्हाळ्यात सरबताची लिंबं पिळून तसेच उन्हात काम करणाऱ्यांच्या हातांवर हे पट्टे दिसतात. पुस्तिकेत लिंबाचा लेप घेतला आहे, पण ‘हे करू नका’च्या भागात. शेजारी खायचा सोडा आहे, टूथपेस्ट आहे, आणि मिठाने किंवा साखरेने तोंड घासणंही. टूथपेस्ट मुरमावर लावण्याची कल्पना कोणी काढली असेल, कोण जाणे; तिच्यामुळे मुरूम सुकतो खरा, पण ठिपका दुप्पट गडद होऊन राहतो.

मग उरतं काय? बरंच काही, आणि गंमत म्हणजे जे उरतं ते बहुतेक जुनं आहे. डाळीचं पीठ आणि साय, मसुराचं पीठ कच्च्या दुधात, दिवाळीचं उटणं, कोरफडीचा गर. यांतलं एकही डाग पुसत नाही. पण पिठाने मळ अलगद निघतो, सायीने कातडी मऊ राहते, कोरफडीने आग शमते, आणि आग शमली की रंगाच्या पेशी गप्प बसतात. जुन्या उपायांचं खरं कसब त्यांच्या मवाळपणात आहे. आठवड्यातून एकदा-दोनदा, थोडं, आणि वाळून कडक व्हायच्या आत धुवायचं. वाळलेलं पीठ खरवडून काढणाऱ्या मुलींनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. उटण्यातले कचोरा, नागरमोथा, वेखंड, आंबेहळद यांचा वास आवडतो म्हणून रोज चोळण्याची गरज नाही. वेखंड काहींना झोंबतं.

ज्येष्ठमधाची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या मुळीतल्या ग्लॅब्रिडिन या द्रव्याचा रंग तयार करणाऱ्या विकरावर परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे आणि बाजारातल्या पुष्कळ क्रीममध्ये त्याचा अर्क असतो. घरी सहाणेवर उगाळलेल्या मुळीत ते किती उतरतं, हा प्रश्न राहतोच. पण उगाळलेलं ज्येष्ठमध सहसा त्रास देत नाही, म्हणून मी त्याला वरचं स्थान दिलं आहे. जायफळ दुधात उगाळून वांगावर लावण्याची पद्धत सगळीकडे सापडते. तिच्याबद्दल मी साशंक आहे. जायफळ उष्ण, काही जणींना त्याने लाली येते, आणि लाली आली की पुढचं आता तुम्हाला माहीत आहे. चंदन थंड वाटतं. मात्र ‘चंदन पावडर’ म्हणून पुडीत जे मिळतं त्यात चंदन किती, याची खात्री दुकानदारही देत नाही.

तांदळाच्या धुवणाबद्दल मुळशीत विशेष प्रेम असणं साहजिक आहे, आंबेमोहराच्या गावात तांदळाला नाव कोण ठेवणार? हल्ली त्यावर शास्त्राचा मुलामा चढला आहे: तांदळात कोजिक आम्ल असतं आणि ते डाग घालवतं. कोजिक आम्ल खरोखरच डागांच्या क्रीममध्ये वापरतात. ते मिळतं एका बुरशीपासून, जपानात जी वाफवलेल्या तांदळावर वाढवून मद्य करतात त्या जातीच्या. आपण धुवून टाकलेल्या पाण्यात ती बुरशी नसते, नसावीही. धुवण तोंडाला लावल्याने बिघडत काही नाही, चेहरा मऊ वाटतो. तेवढ्यावर समाधान मानावं.

आणि हळद. हळदीवर अमेरिकेत १९९५ मध्ये जखमा भरण्यासाठीचं पेटंट दिलं गेलं, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते, संस्थेने जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन ते आव्हानलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असावाही. पण त्या लढाईत सिद्ध झालं ते हळदीचा वापर जुना आहे हे. ती डाग घालवते का, हा मुद्दाच तिथे नव्हता. हळद दाह कमी करते. तिचा पिवळेपणा काही वेळ सावळ्या रंगावर उजळ झाक आणतो आणि आपण त्यालाच गुण समजतो. वापरायचीच तर हळकुंड आणून घरी कुटलेली घ्यावी, कारण सुट्या पावडरीत भेसळीचा रंग असू शकतो आणि शिशाचं क्रोमेट मिसळलेली हळदही पकडली गेलेली आहे. ते तोंडालाही नको आणि आमटीतही नको.

बिब्ब्यावर एक स्वतंत्र पान आहे. सह्याद्रीत बिब्बा भरपूर, आणि दुखऱ्या गुडघ्यापासून पायांच्या भेगांपर्यंत तो घालणारे हातही अजून आहेत. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात, काहींना सगळं अंग सुजतं, आणि मागे राहणारा डाग वर्षानुवर्षं जात नाही. धोबी कपड्यांवर पक्की खूण करायला बिब्बा वापरत, यातच सगळं आलं. डागांवरच्या उपायांत बिब्बा सांगणाऱ्या म्हाताऱ्या मला भेटल्या. त्यांचा मान राखून तो उपाय मी छापलेला नाही.

स्वयंपाकघराबाहेर पडलं की बाजार लागतो. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये अफगाण स्नो काढली, तेव्हापासून मराठी घरांच्या फडताळात क्रीमची बाटली आहे. परळच्या पेंढारकरांची विको १९५२ ची, दंतमंजनाने सुरू झालेली. हळदीची क्रीम त्यांनी १९७५ मध्ये आणली आणि ती औषध की सौंदर्यप्रसाधन यावर अबकारी खात्याशी कोर्टात दीर्घ काळ भांडण चाललं. मला हा वाद फार बोलका वाटतो. डागावरचा लेप हे औषध की शृंगार, हे आपल्या आज्यांनाही कधी ठरवावं लागलं नव्हतं.

१९७५ या सालाशी जरा थांबू. त्याच वर्षी हिंदुस्थान लिव्हरने फेअर अँड लव्हली बाजारात आणली. त्याच वर्षी अमेरिकेत अल्बर्ट क्लिगमन आणि आयझॅक विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड या तिघांचं मिश्रण डाग उतरवतं, असं प्रसिद्ध केलं. आज गावोगावच्या मेडिकलमध्ये ‘डागांची ट्यूब’ म्हणून जे मिळतं ते त्याच मिश्रणाचं पोर. त्याच वर्षी टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी कातडीचे प्रकार ऊन सोसण्याच्या ताकदीवरून लावले, आणि त्या पहिल्या यादीत काळ्या-सावळ्या लोकांना जागाच नव्हती, पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडावा लागला. आणि त्याच १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलं, की रंग उतरवणाऱ्या हायड्रोक्विनोनच्या क्रीम वर्षानुवर्षं लावणाऱ्या काळ्या बायकांच्या गालांवर निळसर काळे, दाणेदार डाग उठत आहेत. ते डाग कशानेच जात नव्हते. ज्या गोष्टीने रंग जायचा तिनेच कायमचा काळा डाग दिला. त्या देशात तेव्हा रंगावरून माणसाचं राहण्याचं ठिकाण, नोकरी, लग्न ठरत होतं, त्यामुळे क्रीम लावणाऱ्या बायकांना हसण्याचा अधिकार कुणाला नाही. १९९० मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधनांत हायड्रोक्विनोनवर बंदी आली. आपल्याकडे ते आजही मिळतं. डॉक्टर ते ठरावीक मुदतीसाठी देतात तेव्हा त्याला अर्थ असतो. मैत्रिणीने सांगितलं म्हणून वर्षभर लावण्यात फक्त धोका.

त्याच ट्यूबमधल्या स्टेरॉइडची तऱ्हा निराळी. पहिले पंधरा दिवस चेहरा असा तुकतुकीत होतो की बायको नवऱ्यालाही लावायला देते. मग कातडी पातळ होते, लाल रेघा दिसू लागतात, पुळ्या येतात, तोंडावर लव वाढते, आणि ट्यूब सोडली की आग होते म्हणून ती सोडवतही नाही. डॉक्टरांनी या अवस्थेला नावच देऊन ठेवलं आहे: स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. नायट्यावरही हेच मलम लावलं जातं, खाज दोन दिवस थांबते आणि नायटा पसरत जातो. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. मनाई कागदावर आहे.

पाऱ्याची बातमी तर आपल्याच राज्यातली. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींची, आई आणि दोन मुलींची, मूत्रपिंडं एकापाठोपाठ बिघडल्याचं प्रसिद्ध झालं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा तिघी लावत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा रंगाच्या विकरातल्या तांब्याची जागा बळकावतो, म्हणून रंग खरोखर उतरतो. आणि कातडीतून रक्तात जातो, म्हणून मूत्रपिंडं जातात. मिनामाता करारानुसार क्रीममध्ये दहा लाखांत एक भाग एवढाही पारा चालत नाही. लेबल नसलेली, पार्लरमध्ये डबीत भरून दिलेली, आठ दिवसांत ‘फरक’ दाखवणारी क्रीम दिसली तर हे आठवावं.

काळ्या कातडीची ही गोष्ट मुळशीपुरती नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. याच तालुक्यात लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिसचं विद्यापीठ आहे, पुण्यात आफ्रिकेतल्या देशांतून शिकायला येणाऱ्या मुली नव्या नाहीत. त्यांच्या घरी डाळीच्या पिठाच्या जागी काळा साबण असतो आणि सायीच्या जागी शिया नावाच्या झाडाच्या बियांचं लोणी. डाग तेच, वरचा थर जपण्याची जुनी रीत तीच, आणि लिंबाची चूकही तीच. वैद्यकाच्या पुस्तकांत मात्र दोघींचेही फोटो शोधावे लागतात. पुरळ म्हटलं की गुलाबी गालावरचं लाल पुरळच छापलेलं. लंडनमध्ये शिकणाऱ्या मलोन मुकवेंडे या विद्यार्थ्याने २०२० मध्ये आपल्या दोन शिक्षकांबरोबर काळ्या-तपकिरी कातडीवर रोग कसे दिसतात याची पुस्तिका काढली, ती यासाठीच. सावळ्या अंगावर लाली जांभळट किंवा नुसती गडद दिसते. म्हणून या पुस्तिकेत ‘लाल झालं तर थांबा’ असं न लिहिता ‘गरम लागलं, खाजलं, गडद दिसलं तर थांबा’ असं लिहिलं आहे.

काही डाग हे डाग नसतात. मान, काखा आणि बोटांचे सांधे मखमलीसारखे जाड काळे झाले असतील तर घासून ते जाणार नाहीत, कारण तो मळ नाही. रक्तातलं इन्सुलिन वाढल्याची ती खूण असते आणि पुष्कळदा मधुमेहाच्या आधीची. अशा मुलीला आई न्हाणीघरात घासणीने घासते. तिला त्याऐवजी पौडच्या ग्रामीण रुग्णालयात साखर तपासायला न्यावं. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरं पडलं तर टिकलीच्या गोंदातलं रसायन जबाबदार असू शकतं, टिकली थांबवायची. कुंकवाच्या जागी काळं पडलं तर कुंकवातला रंग पाहायचा. कपाळाची कड आणि कानांपुढचा भाग गडद होत चालला असेल तर केसांचा काळा रंग किंवा काळी मेंदी आठवून पाहावी. माला-डीच्या गोळ्या सुरू केल्यावर वांग उठलं तर आशाताईंशी बोलून दुसरं साधन घ्यावं. गोळ्या परस्पर बंद करून नवं बाळंतपण ओढवून घेऊ नये. फिकट चट्टा असेल आणि तिथे टोचलेलं कळत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. आणि तळपायावर किंवा नखाखाली एखादा काळा डाग वाढत असेल, आकार बदलत असेल, तर कोणताही लेप न लावता ससूनचा त्वचाविभाग गाठावा. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच डाग होता, खेळताना लागल्याचा समजला गेला. तो कर्करोग निघाला आणि १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला. काळ्या कातडीला हा कर्करोग होतो तो बहुधा अशाच जागी.

आता सगळ्यांत गुणकारी उपाय, जो कोणीही मला उपाय म्हणून सांगितला नाही. दुचाकीवरच्या पुण्याच्या मुली डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने गुंडाळतात, त्यांची भरपूर चेष्टा झाली आहे. डागांच्या दृष्टीने त्या बरोबर आहेत. ऊन चालू असताना लावलेला प्रत्येक लेप म्हणजे एका हाताने पुसायचं आणि दुसऱ्याने गिरवायचं. लावणीला वाकलेल्या बाईने पदर तोंडावर ओढून घेतला, डोक्यावर रुंद काठाची टोपी घातली, तर वांगावर ज्येष्ठमधापेक्षा जास्त काम होईल. सनस्क्रीन घ्यायचं तर सावळ्या कातडीसाठी रंग मिसळलेलं घ्यावं. आपल्या कातडीला अतिनील किरणांबरोबर साधा डोळ्यांना दिसणारा उजेडही काळवंडवतो, आणि तो अडवतो लोहाचा ऑक्साइड, ज्याने अशा क्रीमला मातकट रंग येतो. गेरूही तोच, पण भिंतीचा गेरू तोंडाला फासून कोणी मला दोष देऊ नये.

पुस्तिका वाचायची रीत अशी. प्रत्येक उपायाखाली तो कुठल्या डागासाठी, किती वेळ, आणि कधी थांबायचं हे दिलं आहे. मापं वाटी, चमचा आणि चिमटीत आहेत, कारण सांगणाऱ्यांनी तशीच सांगितली. नवीन काहीही तोंडाला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढं लावून दोन दिवस वाट पाहायची. एका वेळी एकच उपाय करायचा, नाहीतर गुण कशाने आला आणि खाज कशाने, दोन्ही कळत नाही. ओल्या जखमेला, फुटलेल्या मुरमाला, तान्ह्या बाळाला यातलं काहीच लावायचं नाही. सुरुवात करताना डागाचा एक फोटो काढून ठेवावा, अंगणात, सकाळच्या उजेडात, फ्लॅश आणि सुंदर दाखवणारं फिल्टर बंद करून. पुन्हा आठ आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळेला. तोवर रोज आरशात तुलना करायची नाही. आठ आठवड्यांत फिकट झाला नसेल तर उपाय बदलण्याऐवजी डॉक्टर गाठायचा, आणि जाताना आजवर काय काय लावलं त्याची यादी, ट्यूबांच्या रिकाम्या खोक्यांसकट, बरोबर न्यायची.